जुन्या लंडन लोकलचा फोटो कधीचा, हे कसं ओळखावं

फोटो हातात आला की मी आधी रंग बघते. दक्षिण लंडनची गाडी अख्खी हिरवी असेल, तर साधारण साठचं दशक किंवा त्याआधीचा काळ. निळी असेल तर त्यानंतरचा. लाल-पांढरे-निळे पट्टे म्हणजे १९८६ नंतरचं नेटवर्क साउथईस्ट, म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा लंडन नि आसपासच्या गाड्यांचा विभाग. (मला ते भडकच वाटतात.) डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आकडा दिसला, तर १९५६ च्या अलीकडे येऊच नका; तो वर्ग त्याच वर्षी गेला.

मग दारं बघा. ‘४-व्हेप’ या चार डब्यांच्या विजेच्या गाड्यांत समोरासमोरच्या आसनांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र दार असे. उतरताना खिडकी खाली सरकवायची, हात बाहेर काढायचा नि बाहेरची मूठ फिरवायची. गाडी थांबण्याआधीच दार उघडून पाय बाहेर काढलेला कोणी दिसला, तर तो रोजचा प्रवासी समजावा! ही दारं २००५ साली मुख्य मार्गांवरून गेली. दक्षिण इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या छोट्या शाखामार्गावर मात्र २०१० पर्यंत धडाधड आपटत राहिली.

गाडीच्या तोंडावरचे दोन आकडे मार्गाचे, गाडीचे नव्हेत. आणि पाटीवर ‘ब्रॉड स्ट्रीट’ असेल, तर फोटो १९८६ च्या पुढचा नाही. ते स्थानक तेव्हाच बंद झालं.