वर्गणी मागण्याआधी: सीपीच्या (सेरेब्रल पाल्सीच्या) लेकरासाठी पैसे उभे करायची तयारी

ऑपरेशनसाठी पैसे उभे करणं त्या मानाने सोपं. आकडा एक, तारीख एक, लोक एकदा देऊन मोकळे. सेरेब्रल पाल्सीचं तसं नाही. यात लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात. ती इजा पुढे वाढत नाही, पण भरूनही येत नाही. स्नायूंचा ताठरपणा मात्र लेकरू वाढेल तसा सांधे आवळत जातो. म्हणून फिजिओ, बोलण्याची थेरपी, स्प्लिंट (हातपाय सरळ धरून ठेवणारा आधार) हे वर्षानुवर्षं चालतं. तेव्हा सगळ्यात आधी वहीत महिन्याचा खर्च मांडा: थेरपीची फी, गाडीभाडं, आकडीच्या गोळ्या, पाय वाढला की बदलावे लागणारे बूट. लेकराला घेऊन गेलेल्या आईबापाची बुडालेली रोजी हाही खर्चच आहे, तो बहुतेक जण लिहीतच नाहीत. परभणीच्या खेड्यातून दर आठवड्याला छत्रपती संभाजीनगर गाठायचं म्हटलं तर भाडंच फीच्या पुढे जाईल. त्यापेक्षा महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दाखवून व्यायाम शिकून घ्यायचे आणि रोज घरी करायचे, हे जमेल का, ते थेरपिस्टला तोंडावर विचारा. लातूरजवळ हरंगुळला सीपीच्या मुलांसाठी संवेदना केंद्र आहे. त्या बाजूच्या लोकांनी तिथेही चौकशी करावी.

मग थेरपिस्टकडून लेटरहेडवर सहा महिन्यांचं उद्दिष्ट लिहून घ्या. मान धरणं, आधाराने बसणं, चमचा तोंडापर्यंत नेणं, असं काहीतरी मोजता येणारं. ‘पोरगं चालायला लागेल’ असं लिहून पैसे मागितले आणि तसं झालं नाही, की देणारे दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत.

एका गोष्टीसाठी मात्र कुणाकडेच हात पसरू नका. स्टेम सेलचं (मूळ पेशींचं) इंजेक्शन देऊन सीपी बरा करतो म्हणणारे भेटतील, लाखांत पैसे सांगतील. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेल हा मान्य उपचारच नाही. बाकी सगळं नोंदणीकृत संशोधनातच चालतं, आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत. शेत विकून तिकडे जाणारे लोक बघितले की जीव तुटतो.

लोकांकडे जाण्याआधी हक्काचं पदरात पाडून घ्या, कारण ‘सरकारी योजनांतून काय मिळालं?’ हाच पहिला प्रश्न येणार. सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डापासून (दिव्यांगांचं ओळखपत्र); २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सी आहे. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र असेल तर लहान मुलांची तपासणी आणि थेरपी तिथे फुकट होते. सीपीसारख्या दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचा निरामय आरोग्य विमा आहे; त्यात वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही धरली आहे, पण ठरावीक मर्यादेत. पैसे आधी तुम्ही भरायचे, मग बिलं लावून मागायचे. म्हणून प्रत्येक बिल मूळ प्रतीत जपा, झेरॉक्सवर विसंबू नका. सीपी खुर्ची, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) यांसाठी दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी विचारलं तर ‘बघू’ एवढंच ऐकायला मिळतं. पुढे ऑपरेशन ठरलंच तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आताच फाईलला लावून ठेवा.

उरलेली रक्कम लोकांकडून. वेळ बघून मागा. सोयाबीन विकून चार पैसे हातात येतात तेव्हा गाव देतं. गावात सप्ताह असेल त्या महिन्यात वर्गणीचा दुसरा कागद फिरवू नका. उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर निघालेल्याकडे तर मागूच नये. तो देईलही, पण ते पैसे मुकादमाचे असतात. पुण्याला, चाकणला कंपनीत लागलेल्या दहावीच्या वर्गमित्रांना ‘एकदा मोठी रक्कम द्या’ म्हणण्यापेक्षा ‘सहा महिने दरमहा दोनशे द्या’ म्हणा. हा खर्चच दरमहाचा आहे, आणि भिशी भरायची सवय सगळ्यांना असतेच.

पैशासाठी वेगळं बँक खातं काढा. क्यूआर कोड टाकण्याआधी स्कॅन करून त्यावर कुणाचं नाव येतं ते बघा. शक्य तिथे देणाऱ्याला थेट थेरपी केंद्राच्या खात्यावर भरायला सांगा; नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट आली तर ती आयकराच्या हिशेबात येते, तेव्हा एकदा सीएला विचारलेलं बरं. बाजारात डबा फिरवायचा असेल तर आधी धर्मादाय कार्यालयात परवानगीची चौकशी करा. नंबर सगळीकडे गेला की ‘तुमची मदत मंजूर झालीय, प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन येतात. मदत मिळवायला आधी पैसे भरायला सांगणारा चोरच समजा.

मेसेजसोबत लेकराचा फोटो टाकाच असं नाही. टाकलाच तर रडतानाचा, उघड्या अंगाचा नको. ते पोरगं उद्या त्याच गावच्या शाळेत जाणार आहे. मेसेजमध्ये वय, निदान, महिन्याचा खर्च, योजनांतून काय मिळालं आणि किती कमी पडतंय, एवढं पुरे. महिनाअखेरीला पावत्यांचे फोटो आणि शिल्लक ग्रुपवर टाका, कुणी विचारो न विचारो. पैसे उरले तर ते कशाला वापरणार, हेही पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.