वृद्धनिवास बघायला जाताना हा कागद न्या

माहितीपत्रकं सगळ्यांचीच छान असतात. खरा खर्च राहायला गेल्यावर कळतो.

आधी घरीच लिहून काढा: आंघोळ, कपडे, संडास, पलंगावरून उठणं, जेवण, औषधं. यातलं आई-बाबांना स्वतःचं स्वतः काय जमतं, कशाला हात द्यावा लागतो? तोच कागद प्रत्येक ठिकाणी पुढे करून विचारा, महिन्याच्या शुल्कात यातलं काय येतं आणि वेगळे पैसे कशाचे. उत्तर लेखी घ्या.

दुसरी फेरी न कळवता, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी मारा. तिथे राहणाऱ्यांनी मदतीसाठी बेल दाबल्यावर कोण किती वेळात येतं ते तेव्हाच दिसतं. बागबिग नंतर बघा.

करारात एक कलम मात्र वाचाच: तब्येत खालावली तर ठेवून घेतात की जागा सोडायला सांगतात, आणि तेव्हा अनामत किती परत मिळते.