पाऊचमध्ये जाणाऱ्या हवेतले जंतू कसे मोजावेत

नाशिकचं सातपूर असो वा अंबड, चिवडा किंवा बेदाणे पॅक करणारा कारखाना कॉम्प्रेस्ड एअरचा, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेचा, नमुना कॉम्प्रेसर रूममध्येच घ्यायला सांगतो. तिथे घेऊ नका. पाऊच उघडणारी हवा जिथून सुटते, तिथूनच घ्या. फिल्टरनंतरच्या पाइपात ओल राहिली, तर जंतू तिथे वाढतात.

अगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेट, हातमोजे, 70 टक्के अल्कोहोल तुमच्याकडे असेलच.

खरी मेख नमुना घेण्यात आहे. ‘नोझलसमोर उघडी प्लेट धरा, मिनिटभराने झाका’ हा सल्ला अजून दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. जोराचा झोत आजूबाजूची हवा ओढून घेतो, प्लेटमधला अगर सुकवतो आणि किती लिटर हवा लागली ते कधीच कळत नाही. सुरुवातीला मीही तसंच केलं. ऐन जुलैत एका कारखान्यातल्या प्लेट बुरशीने भरल्या, मालकाने महागडे फिल्टर बदलले, पुढच्या वेळी पुन्हा तेच. बुरशी पॅकिंग हॉलमधली होती. त्या खर्चाची खंत मला आजही आहे.

म्हणून कॉम्प्रेस्ड एअरसाठीच बनवलेला सॅम्पलर वापरा. तो 6-7 बारचा दाब हळूहळू उतरवतो. दाब एकदम सुटला तर जंतूंना इजा होते आणि आकडा खोटाच कमी येतो. कपलिंग अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग प्लेट न लावता पाच मिनिटं हवा सोडा. 100 लिटर प्रति मिनिट वेगाने दहा मिनिटांत 1000 लिटर, म्हणजे एक घनमीटर होतात. डेसिकंट ड्रायरची (ओल शोषणारे दाणे भरलेल्या ड्रायरची) हवा फार कोरडी असते, तिथे जाड ओतलेल्या दोन प्लेटवर 500-500 लिटर घ्या. एक प्लेट हवा न सोडता सॅम्पलरमध्ये ठेवून काढा. ही कोरी प्लेट नसेल, तर मी तो रिपोर्ट वाचतही नाही. शक्यतो सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत जा, रात्रभर साचलेलं तेव्हाच बाहेर येतं.

जिवाणूंच्या प्लेट 30 ते 35 अंशांत 3 ते 5 दिवस, बुरशीच्या 20 ते 25 अंशांत 5 ते 7 दिवस. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये बुरशीची प्लेट टेबलावर ठेवून चालत नाही. थंड करणारा इन्क्युबेटरच हवा.

आकडा वसाहती (प्लेटवर वाढलेले जंतूंचे ठिपके) प्रति घनमीटर असा लिहा. आयएसओ 8573-1 या कॉम्प्रेस्ड एअरच्या शुद्धतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात धूळ, पाणी, तेल यांचे वर्ग आहेत, जंतूंचा नाही. त्यामुळे मर्यादा तुमच्या मालाचा धोका बघून तुम्हीच लेखी ठरवायची, तीही नमुना घेण्याआधी.