थिन क्लायंटवर व्हिडिओ अडखळतो तेव्हा

थिन क्लायंट म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवून फक्त स्क्रीन दाखवणारं साधं यंत्र. अशा लॅबमध्ये व्हिडिओ अडकला की पहिला संशय सर्व्हरच्या रॅमवर जातो. बहुतेक वेळा दोष तिथे नसतो. इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ दाबलेला, सेकंदाला एक-दोन मेगाबिटचा असतो. तो उलगडतो सर्व्हरवर, आणि तिथून प्रत्येक फ्रेम कच्च्या पिक्सेलच्या रूपात क्लायंटकडे निघते. ६४० × ३६० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, सेकंदाला २५ फ्रेम: गुणाकार करा, सुमारे १८४ मेगाबिट होतात. क्लायंटचा पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर एकाच विद्यार्थ्याचा व्हिडिओ त्यात मावत नाही. ७२०पी (१२८० × ७२० पिक्सेल) असेल तर ७३७ मेगाबिट, म्हणजे सर्व्हरची गिगाबिट लाइन जवळजवळ एकट्यानेच खाल्ली.

ब्राउझरमध्ये ३६०पी निवडून फुल स्क्रीन केल्यास फारसा फायदा नाही, कारण चित्र मोठं करण्याचं काम सर्व्हरवरच होतं आणि वायरवरून मोठंच चित्र जातं. खिडकी लहान ठेवली तरच भार कमी होतो.

आधी मोजा. व्हिडिओ चालू असताना सर्व्हरवर टॉप (सीपीयूचा वापर दाखवणारी कमांड) आणि आयएफटॉप (नेटवर्कचा वापर दाखवणारी) शेजारी शेजारी उघडा. सीपीयू मोकळा आणि नेटवर्क भरलेलं, तर वरचंच कारण. सगळे कोअर भरलेले असतील तर डिकोडिंगचा, म्हणजे दाबलेला व्हिडिओ उलगडण्याचा ताण. व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये स्वॅपचे (रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर होणाऱ्या अदलाबदलीचे) आकडे सतत हलत असतील तर मात्र खरोखर रॅम कमी आहे. लॉगआउटनंतरही मागे राहिलेले ब्राउझर आधी शोधा. सिस्टिमडीच्या लॉगिनडीमध्ये (लिनक्सवर लॉगिन सांभाळणारी सेवा) किल-यूजर-प्रोसेसेस ही सेटिंग चालू केली की ते आपोआप संपतात.

एक चूक हमखास सापडते: फ्लो कंट्रोल, म्हणजे पाठवणाऱ्याला थोडं थांबायला सांगण्याची नेटवर्कची सोय, चालू राहिलेली असते. सर्व्हर गिगाबिटवर, क्लायंट १०० मेगाबिटवर. एका क्लायंटचा बफर भरला की स्विच सर्व्हरला 'थांब' सांगतो, आणि सर्व्हर सगळ्यांसाठीच थांबतो. एकाने व्हिडिओ लावला आणि पूर्ण लॅबचे माउस गोठले, तर हेच समजा. स्विचवर ते बंद करा. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर इथटूल या कमांडने आरएक्स (येणारा) आणि टीएक्स (जाणारा) दोन्ही पॉज बंद करा.

खरा इलाज एकच: डिकोडिंग जिथे स्क्रीन आहे तिथे न्या. एलटीएसपीमध्ये (अशा लॅब चालवण्याची लिनक्सवरची प्रणाली) याला फॅट क्लायंट म्हणतात. यंत्र नेटवर्कवरून बूट होतं, पण प्रोग्रॅम स्वतःच्या सीपीयूवर चालवतं, त्यामुळे वायरवर दाबलेला व्हिडिओच जातो. २०१९ नंतरच्या नव्या एलटीएसपीत मुळात हीच पद्धत आहे. २ जीबी रॅम ही माझ्या मते किमान मर्यादा. ब्राउझरला ४ जीबी बरी. होम फोल्डर नेटवर्कवर असतं, म्हणून ब्राउझरची कॅशे तिथून हलवून क्लायंटच्या रॅममध्ये ठेवा, नाहीतर हजारो बारक्या फाइलींनी लॉगिनच मंदावतं. व्हीपी९ आणि एच२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या दोन पद्धती. जुन्या क्लायंटना व्हीपी९ झेपत नाही. एच२६४ सक्तीने मागणारं ब्राउझर एक्स्टेंशन टाका.

जुनी एलटीएसपी ५ बदलताच येत नसेल, तर तिच्या सेटिंगमधला एलडीएम डायरेक्टएक्स हा पर्याय 'ट्रू' करा. स्क्रीनची वाहतूक एसएसएचमधून (कूटबद्ध जोडणीतून) बाहेर पडते, कूटबद्ध करण्याच्या कामातून सीपीयू सुटतो. पण लॉगिननंतर टाइप केलेलं सगळं, पासवर्डसुद्धा, लॅबच्या नेटवर्कवर उघडं फिरतं. शिवाय व्हिडिओचे कच्चे पिक्सेल तेवढेच राहतात.