व्यायाम सुरू होतो, मग सुटतो का? या चुका टाळा

व्यायाम सोडणाऱ्याला लोक सरळ आळशी ठरवतात. मला ते पटत नाही. आळशी माणूस मुळात सुरूच करत नाही. सुरू करून सोडणारे बहुतेक जण उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात झेपणार नाही इतकं अंगावर घेतात. अंग ठणकतं, एक दिवस बुडतो, मग दुसरा, आणि महिनाभरात सगळं पूर्वपदावर. त्यामुळे आधी माप कुठे चुकतं ते बघू.

तिसऱ्या आठवड्यातली घाई

बरीच दुखणी इथे सुरू होतात. नियमित चालायला लागलं की दोन-तीन आठवड्यांत दम कमी लागतो, कारण हृदय आणि श्वास लवकर सरावतात. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना महिने लागतात. दम टिकतोय म्हटल्यावर माणूस पळायला लागतो आणि नडगी किंवा टाच बोलायला लागते.

दुखणं कोणतं हे ओळखता आलं पाहिजे. नव्या व्यायामाने स्नायू दुखतात ते साधारण दुसऱ्या दिवशी सुरू होऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं. दोन्ही बाजूंना सारखं असतं, थोडं हिंडलं-फिरलं की सैल होतं आणि चार-पाच दिवसांत जातं. त्याला घाबरू नका, हलका व्यायाम चालू ठेवा. पण एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, चालताना वाढत असेल किंवा त्यामुळे लंगडायला होत असेल, तर ती इजा समजा. त्या हालचाली थांबवा आणि आठवडाभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ हा समज या बाबतीत फार महागात पडतो.

वाढवायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट वाढवा. आधी वेळ, मग वेग. दोन्ही एकदम नको.

दहा हजार पावलांचा धसका

१९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक छोटं यंत्र बाजारात आलं आणि त्याच्या विक्रीसाठी दहा हजार हा गोल आकडा पुढे केला गेला. तिथून तो जगभर गेला. वयस्कर अमेरिकी स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा स्थिरावला. तुमची आज तीन हजार होत असतील तर साडेचार हजार हे उत्तम लक्ष्य आहे. दहा हजार होत नाहीत म्हणून चालणंच सोडणं यासारखं नुकसान नाही.

शिवाय पावलांचा आकडा वेग सांगत नाही. त्यासाठी बोलून बघा. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग मध्यम आहे. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोरकस. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सुचवते.

फक्त चालणं, ताकदीकडे पाठ

चालणं चांगलंच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणूनच आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. त्याला जिम लागतेच असं नाही.

एक टणक, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. कडेला बसा, पावलं खांद्यांइतकी अंतरावर, हात छातीवर घडी घालून. आता उठा, आणि बसताना मनात तीनपर्यंत मोजत खाली या. खरी परीक्षा बसताना आहे. शेवटच्या वीतभर अंतरात अंग धपकन खाली पडतंय का? तिथेच मांड्यांची ताकद कमी पडतेय. खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, आठ-दहा वेळा धपकन न पडता जमलं की उशी काढा. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवा. भिंतीला हात टेकून काढलेले जोर याला जोडले की सुरुवातीला पुरेसं आहे. श्वास रोखून धरू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर.

घाम, पट्टा आणि पोट

घाम गाळला म्हणजे चरबी गेली असं नसतं. जातं ते पाणी, आणि प्यायलं की परत येतं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी उतरवता येत नाही. शरीर ती कुठून वापरणार हे आपल्या हातात नाही. पोट उतरवण्यासाठी कमरेला बांधायच्या पट्ट्यावर पैसे घालवू नका.

काटा हलत नाही

सत्तर किलोच्या माणसाचे अर्धा तास भरभर चालण्यात साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. ‘आज व्यायाम केलाय’ म्हणून घेतलेल्या थोड्याशा जादा खाण्या-पिण्यात त्या भरून निघतात. वजन उतरवायचं असेल तर ताटाकडेही बघावंच लागेल. पण काटा थांबलाय म्हणून व्यायाम वाया गेला असं मुळीच नाही. कमरेचा घेर मोजा, दोन जिने चढल्यावरचा दम बघा, झोप बघा. रक्तदाब आणि साखर वजन न घटताही सुधारू शकतात.

सकाळी तासभर, मग दिवसभर खुर्ची

१९५३ साली ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल व्यायामात धरत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ती अट काढून टाकली. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. फोन आला की उभं राहा, दोन मजले पायी चढा, सगळं धरलं जातं. गुडघे दुखत असतील तर चढताना जिना आणि उतरताना लिफ्ट वापरा, कारण उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो.

एक दिवस बुडाला

सवयीवरच्या २००९ सालच्या एका अभ्यासात नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला त्याहून कितीतरी जास्त. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुप्पट करू नका.

ताप असताना व्यायाम नकोच. आजारपणानंतर आधीच्या निम्म्यापासून सुरुवात करा. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला तर तिथेच थांबा, आणि थांबूनही बरं वाटत नसेल तर वाट न बघता रुग्णालय गाठा.