लहान बोअर, जास्त वेग : पिस्तुलाच्या काडतुसांबाबत या चुका टाळा

आपल्याकडे परवानाधारकाला बोअर, म्हणजे नळीच्या आतली जाडी, विचारला की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'बत्तीस'. पण बत्तीस म्हणजे कुठलं? पिस्तुलात असेल तर .३२ एसीपी, रिव्हॉल्वरमध्ये असेल तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. गोळीची जाडी जवळपास सारखी, काडतुसं मात्र वेगवेगळी, आणि दोन्ही संथ. बातम्यांमधलं '७.६५ चं पिस्तूल' म्हणजे सहसा हेच .३२ एसीपी. ७.६५ पॅराबेलम मात्र निराळंच, बाटलीसारखी निमुळती मान असलेलं जर्मन काडतूस. त्याची ९३ ग्रेनची, म्हणजे ६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास जाते. तेव्हा नुसत्या बोअरवरून वेगाचा अंदाज बांधायचा नाही. .२२ एलआर आणि एफएन कंपनीचं वेगवान ५.७×२८ या काडतुसांच्या गोळ्यांच्या जाडीत नखाएवढाही फरक नाही, वेगात मात्र मोठा आहे. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात .२२ एलआरच चालते. त्या काडतुसाचा ५.७ शी जाडीपलीकडे काहीही संबंध नाही.

नावाचा हाच घोळ जुन्या मौझर सी-९६ पिस्तुलाच्या बाबतीत महागात पडतो. तिचं काडतूस ७.६३ मौझर. रशियन टोकारेव्ह पिस्तुलाचं ७.६२×२५ त्याच्यावरूनच घेतलेलं, मापं इतकी जवळची की मौझरमध्ये ते बिनबोभाट बसतं. बसतं म्हणून उडवायचं नाही! टोकारेव्हची काडतुसं बहुधा जास्त दाबाची भरलेली असतात, आणि मौझरचा जन्म १८९६ चा. शंभरी उलटलेल्या स्प्रिंगवर असला प्रयोग कशाला? पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडावरचा छाप आणि नळीवरचा शिक्का दोन्ही वाचा. शंका आली तर जाणत्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवल्याशिवाय चाप ओढू नका.

आता लहान बोअरच्या वेगवान काडतुसांचा खरा फायदा. साधा हिशेब करू. ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५२० मीटरनं निघाली, तर हवेचा विरोध सोडून १०० मीटरवर ती सुमारे १८ सेंटीमीटर खाली येते. ९ मिमीची ११५ ग्रेनची गोळी ३६० मीटरनं निघाली तर तेवढ्याच अंतरात जवळजवळ ३८ सेंटीमीटर. शिवाय पहिलीचा संवेग (वजन गुणिले वेग) दुसरीच्या निम्मा, म्हणून हाताला धक्का कमी आणि पुढच्या नेमासाठी पिस्तूल लवकर जागेवर येतं. सपाट मार्ग आणि हलका धक्का, एवढाच याचा मोठेपणा, आणि तो कमी नाही. मात्र ऊर्जा काढून पाहिली तर पहिली साधारण ३५० जूल, दुसरी ४८०. 'वेग जास्त म्हणजे ताकद जास्त' म्हणणाऱ्याला हे दोन आकडे दाखवावेत.

धक्का कमी म्हणून आवाजही कमी असेल, असं समजून कानाला काही न लावता उभे राहणारे महाभाग असतात. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर. त्याच्या वर गेलेली गोळी स्वतःच कडाका काढते, आणि आखूड नळीत न जळलेली दारू तोंडाशी भडकते ती वेगळीच. .३० कार्बाइन या रायफलच्या काडतुसासाठी बनवलेलं रुगर ब्लॅकहॉक रिव्हॉल्वर तर या धडाक्यासाठीच कुप्रसिद्ध आहे.

नळीची लांबी न बघता वेग सांगणं ही तर रोजची चूक. एफएनच्या ५.७×२८ उडवणाऱ्या पी-९० बंदुकीची नळी २६३ मिलिमीटर, त्याच काडतुसाच्या फाइव्ह-सेव्हन पिस्तुलाची १२२. लांब नळीचा आकडा पिस्तुलाला चिकटवला की वरचा सगळा हिशेब कोसळला.

.२२ रेमिंग्टन जेट हे याचंच उदाहरण. १९६१ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल ५३ रिव्हॉल्वरसाठी ते आलं. .३५७ मॅग्नमची पुंगळी लांबट निमुळती करून त्यात .२२ ची गोळी. छापील वेग सेकंदाला २,४६० फूट, प्रत्यक्ष रिव्हॉल्वरमधून तो बराच कमी भरे. पण खरी डोकेदुखी निराळी होती : गोळी सुटली की सिलिंडर फिरायचाच थांबे. लोक मग सिलिंडरला तेल पाजत, आणि नेमकं तिथेच चुकत. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट धरते. तेल असलं की ही पकड सुटते, निमुळती पुंगळी पाचरीसारखी मागे सरकते आणि मागच्या पोलादी पाटाला दाबून बसते. उपाय उलटा आहे. चेंबर सॉल्व्हंटनं पुसून कोरडे करायचे, काडतुसं कोरड्या फडक्यानं पुसायची, तेल फक्त हलणाऱ्या भागांना. तरीही कटकट पुरती संपली नाही, आणि १९७४ ला मॉडेल ५३ बंद झालं.

५.७×२८ ची गोष्ट याच्या बरोबर उलट. तिच्या पुंगळीवर मुद्दाम निसरडा लेप असतो, कारण इथे ती चटकन बाहेर यायला हवी. अमेरिकेत काडतुसं घरी भरणारे लोक जुन्या पुंगळ्या चकचकीत करायला यंत्रात फिरवतात, लेप निघून जातो आणि मग पुंगळ्या अडकू लागतात. अशा पुंगळ्या नुसत्या पुसाव्यात. लेप खरवडला गेलेली दिसली तर टाकून द्यावी.

आणि चेक सीझेड-५२ पिस्तूल हातात आली तर रिकामा घोडा सोडून बघायचा मोह आवरा. तिची मूळ फायरिंग पिन ठिसूळ असते, रिकाम्या ठोक्यानं मोडते. सराव करायचाच असेल तर आधी चेंबरमध्ये स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतूस घाला.