टायफॉइडचा पेशंट ॲडमिट आहे? सोबत बसणाऱ्याने काय बघायचं

मागच्या पावसाळ्यात भाचा टायफॉइडने ॲडमिट होता, आणि दहा दिवस सोबतीला मी. आजी याला मुदतीचा ताप म्हणायची ते काय उगीच नाही, हा ताप पहिल्या दिवशी एकदम फणफणत नाही, रोज थोडा थोडा चढत जातो, संध्याकाळी जास्त, सोबत डोकेदुखी, जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली. मोठ्यांना बरेचदा बद्धकोष्ठ होतं आणि पोरांना जुलाब, म्हणून जुलाब नाहीत म्हणजे टायफॉइड नाही असं धरून बसू नका.

ॲडमिट करताना एकच विचारा, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) घेतलं का? ते अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी घेतलं तर जंतू सापडायची शक्यता जास्त, आणि कुठलं औषध चालेल तेही त्यातूनच कळतं. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला बरेच जंतू आता दाद देत नाहीत. विडाल या टायफॉइडच्या रक्ततपासणीवर फार विसंबू नका, पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते आणि जुन्या इन्फेक्शनमुळे पॉझिटिव्हही.

वॉर्डात बहुतेक वेळा सेफ्ट्रायॅक्सोन शिरेतून देतात, साधारण १० ते १४ दिवसांचा कोर्स, पेशंट खायला लागला की कधीकधी तोंडाने ॲझिथ्रोमायसिन. आता महत्त्वाचं म्हणजे औषध बरोबर असलं तरी ताप उतरायला ४ ते ६ दिवस लागतात. आम्ही तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी वाद घातला, आता आठवलं की लाज वाटते. त्यापेक्षा दर चार तासांनी ताप वहीत लिहा, आकडा रोज थोडा खाली येतोय ना एवढंच बघा. आठवडा झाला तरी हलत नसेल तर मात्र कल्चरचा रिपोर्ट घेऊन बोला.

खरी भीती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, कारण आतड्याला जखमा झालेल्या असतात, तिथून रक्त जाऊ शकतं किंवा भोक पडू शकतं. पोटात अचानक कळ येऊन पोट कडक झालं, शी काळी किंवा रक्ताची झाली, पेशंट बरळायला लागला, किंवा ताप एकदम उतरून नाडी मात्र जोरात पळायला लागली (याला बरं वाटतंय समजू नका!) तर राउंडची वाट न बघता सिस्टरना हाक मारा.

उपाशी ठेवायची जुनी पद्धत सोडा. पेज, मऊ भात-वरण, केळं, शहाळं, थोडं थोडं पण सारखं. वडापाव मागेल, देऊ नका.

घरी गेल्यावर गोळ्या मधेच थांबवून डब्यात ठेवायच्या नाहीत, सांगितलेला कोर्स संपवायचा, कारण दोन-तीन आठवड्यांत ताप परत उलटू शकतो. आणि बरं वाटल्यावरही जंतू शीतून काही दिवस पडत राहतात, तेव्हा डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला घरच्यांसाठी स्वयंपाक करू देऊ नका आणि संडासनंतर साबण सक्तीचा. बाकीच्या पोरांच्या टायफॉइडच्या लशीचंही तेव्हाच विचारून घ्या, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना तीच दिली होती.